भुशाची ऊब

बोरगावच्या आमच्या जुन्या घरात ऊब म्हणजे चूल. निपाणी भाग तंबाखूचा, त्यामुळं हंगाम संपला की तंबाखूच्या काड्या जळणाला यायच्या. शिवाय शेणी, तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं. पावसाच्या आधी सगळं वाळवून रचून ठेवायचं. चातुर्मासात जीवजंतू वाढतात, म्हणून आज्जी एकेक काडी झटकून, निरखून मगच चुलीत सारायची. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आणि चूल विझायची. मग थंडीत आम्ही पोरं त्या कोमट भिंतीला पाठ लावून झोपायचो.

पुढं आईनं भुशाची शेगडी आणली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडका आत सारायचा आणि भोवतीनं लाकडाचा भुसा ठेचून भरायचा. बाटली आणि दांडका अलगद काढला की हवेला वाट होते. खालून पेटवलं की दोन-तीन तास फुंकणीला हात लावायला नको. भुसा सैल राहिला तर मात्र आतल्या आत ढासळायचा आणि घरभर धूर.

ही शेगडी मला पुन्हा भेटली ती लेकीच्या घरी, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. जानेवारी महिना, बाहेर उणे वीस. पुढच्या खोलीत काचेच्या दाराचा एक काळा स्टोव्ह. लेक म्हणाली, "आई, बघ, आपली भुशाची शेगडीच ही!"

फरक एवढाच, की इथला भुसा कारखान्यात दाबून त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या केलेल्या. त्यांना पेलेट म्हणतात. डिंक काही घालावा लागत नाही. दाबानं आणि उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं. अठरा किलोची पिशवी वरच्या पेटीत ओतायची. आतला मळसूत्री दांडा फिरत फिरत थोड्या थोड्या कांड्या जाळात टाकतो, पंखा हवा देतो. राख मूठभर. मी सवयीनं कांड्या हातात घेऊन निरखल्या. एक किडा नाही. आज्जी असती तर सुखावली असती.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडं अशा जळणाकडं लोकांचं लक्ष गेलं म्हणे. माझ्या लेकीकडंही टंचाईच होती. दिवाळीच्या सुमारास जावयांची नोकरी गेलेली. तेलावर चालणारी भट्टी यंदा बंद ठेवायची, सगळं घर या एका स्टोव्हवर काढायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

पण सगळं घर काही तापत नव्हतं. माझी खोली बोळाच्या पार टोकाला. रात्री दोन स्वेटर, शाल, त्यावर दुलई, तरी पाय गार. सकाळी लेक विचारायची, "झोप लागली का गं?" मी म्हणायची, "मस्त लागली." पोरगी आधीच काळजीत, तिला आणखी काय सांगायचं?

एका रात्री वीज गेली. मळसूत्र थांबलं, पंखा थांबला, जाळ विझला. पोत्यानं जळण घरात, पण विजेवाचून जळेना! लेक मला पुढच्या खोलीत न्यायला आली. माझा हात धरला आणि दचकलीच. "आई, अगं हात केवढे गार! वीज तर आत्ता गेली. रोज अशीच झोपतेस?"

मला खोटं बोलवेना. ती रडायलाच लागली. "सांगितलं का नाहीस?"

काय सांगणार? आज्जीनं तरी कुठं सांगितलं होतं? उभा जन्म धुरात गेला, डोळे चुरचुरायचे, रात्रभर खोकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई गं, ठसका लागला." चुलीची ऊब आम्ही घेतली, धूर तिनं. हेच मी शिकले होते आणि न कळत लेकीलाही शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर जावयांनी एक छोटा पंखा आणून माझ्या खोलीच्या दारात जमिनीवर ठेवला, तोंड बोळाकडं करून. मी म्हटलं, "अहो, उलटा ठेवलाय." ते हसले. गार हवा जड, ती खाली असते. ती बाहेर ढकलली की तिच्या जागी स्टोव्हची गरम हवा छताच्या कडेनं आपोआप आत येते. खरंच, दुपारपर्यंत माझी खोली निवळली.

बोरगावला परत आले त्याला वर्ष झालं. परवा लेकीचा फोन आला. "आई, बरी आहेस ना?" तोंडात "बरी" आलंच होतं. मग म्हटलं, "गुडघे फार दुखतात गं. मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत."

पलीकडून क्षणभर आवाज नाही. मग ती म्हणाली, "आता बोललीस बघ. माझंही ऐक, मलाही तुला एक सांगायचंय."

आम्ही तासभर बोलत होतो.