रेग्युलेटर

मंडळी, बरेच वीकेंड इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण एक रेग्युलेटर. गॅसचा नाही हो, माझ्या एअर रायफलचा.

10 मीटर नेमबाजीच्या रायफलला हवेचा सिलिंडर असतो, पूर्ण भरला की 200 बार. रेग्युलेटर तो दाब उतरवून प्रत्येक शॉटला सारखा ठेवतो. सारखा हे महत्त्वाचं, कारण दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! माझ्या रायफलीत लागोपाठ शॉट मारले तर सगळं छान. चार-पाच मिनिटं थांबलं की आत दाब चढायचा आणि पुढचा छर्रा वर जायचा. आता गंमत बघा, मन थाऱ्यावर नसेल तर रायफल खाली ठेव, श्वास घे, मग मार, हेच बालेवाडीच्या रेंजवर पहिल्या दिवसापासून ऐकतोय. म्हणजे शहाण्यासारखं वागलं की मार्क जाणार.

जर्मनीतल्या कंपनीला मेल टाकला. उत्तर : दुसरे छर्रे वापरून पाहिलेत का? (आपलं 'रीस्टार्ट करून बघा' आठवलं ना?) पुढचं उत्तर : सिलिंडर नीट बसवलाय का? मग म्हणे, भारतातल्या विक्रेत्याशी बोला. विक्रेता म्हणाला, "साहेब, कंपनीशीच बोला." इनफिनिट लूप!

शेवटी एका शनिवारी रायफल बाकाला घट्ट बांधली, क्रोनोग्राफ लावला आणि 60 शॉट मोजले. लागोपाठ मारले तर वेग सेकंदाला 170 मीटर. पाच मिनिटं थांबून, 178. एवढ्या फरकाने 10 मीटरवर छर्रा साधारण दीड मिलिमीटर वर लागतो, म्हणजे 10.9 चा शॉट होतो 10.3. एक्सेल शीट जोडून पाठवली. दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमधल्या कोणाचं तरी दोन ओळींचं उत्तर : सीरियल नंबर आणि पत्ता कळवा, नवा भाग फुकट पाठवतो.

तो यायला दीड महिना गेला. मधे राज्य स्पर्धा होऊन गेली, मी घरी. पार्सलवर 'रायफल' शब्द दिसल्यावर कस्टम्समध्ये काय काय होतं त्यावर वेगळा लेख होईल. असो.

भाग बसवला. 170. पाच मिनिटांनी, 170. खूश व्हायला हवं ना? पण नव्या भागाच्या नंबरापुढे एक 'बी' होता, आणि आतलं सील वेगळ्याच रंगाचं. म्हणजे यांना दोष माहीत होता, डिझाइन बदललं आणि गप्प बसले. आपल्या धंद्यात याला सायलेंट पॅच म्हणतात. मेल करून सरळ विचारलं, तर उत्तर आलं की सुधारणा सतत चालूच असतात. वा!

आमच्या रेंजवर त्याच मॉडेलची आणखी एक रायफल आहे, नववीतल्या एका मुलीची. वडिलांनी कर्ज काढून घेतलेली. वर्षभर सगळे तिला सांगतायत, थांबलीस की तुझं लक्ष उडतं. पोरगी ध्यानाच्या क्लासला जायला लागली होती! गेल्या रविवारी तिची रायफल बाकाला बांधली. 169. पाच मिनिटांनी, 177.

ती आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, म्हणजे मी नव्हतेच?"

तिच्या वडिलांसाठी मेल लिहून दिलाय. सब्जेक्ट लाइनमध्येच 'बी'वाला नंबर टाकलाय, उगाच कोणी छर्ऱ्यांची चौकशी करायला नको.