रविवार संध्याकाळची उलटतपासणी

बहिणीचा घटस्फोट झाला तेव्हा भाचा सात वर्षांचा होता. ताबा आईकडे राहिला. दर दुसऱ्या शनिवारी त्यानं धारवाडला वडिलांकडे जायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं, असं न्यायालयात ठरलं. त्याला बेळगावच्या बसस्टँडवरून घरी आणायचं काम माझं.

घरी येईपर्यंत मी विचारत राही, "काय खाल्लंस? अप्पा काय म्हणाले? आईचा विषय निघाला का?" सुरुवातीला तो भरभरून सांगे. पुढे "काही नाही, मामा" एवढंच. आमच्या घरात कन्नड कधीच परकी नव्हती. पण त्यानं ती बोलणंच सोडलं. एका रात्री मात्र झोपेत तो कन्नडमध्ये अप्पांशी बोलत होता. ते ऐकून मी वरमलो.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं १३ वं कलम सांगतं की, मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं, असंही त्याच कायद्यात आहे. वकिलांकडून हे सगळं मी ऐकलं होतं. पण बसस्टँडपासून घरापर्यंतच्या वाटेवर ते हित माझ्याच हाती होतं, हे ध्यानात आलं नव्हतं.

मी विचारणं बंद केलं. दोन-तीन खेपांनंतर त्यानं दप्तरातून पुडा काढला. "मामा, अज्जीनं पेढे दिलेत. घरात नेले तर आईला चालतील?"

बहिणीनं एक पेढा तोंडात टाकला. म्हणाली, "छान आहेत म्हणून सांग अज्जीला. कन्नडमध्ये सांग."