आमचं नंदुरबार

“नंदुरबारला दिलंय होय तुला? अगंबाई, तिथे पाहण्यासारखं असतं तरी काय?” माहेरी लग्नकार्याला गेलं की कोणीतरी हे विचारतंच. सुरत-भुसावळ गाडीतल्या लोकांना आमचं गाव म्हणजे चहापुरतं स्टेशन! म्हणून मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवून तुम्हांला गावच दाखवते.

नंद गवळी राजाची ही नगरी, असं इथली जुनी माणसं सांगतात. अकबराच्या काळी हे माळवा सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. ‘आईन-ए-अकबरी’त तशी नोंद आहे. सुरत-बुऱ्हाणपूरचा व्यापार याच वाटेने चाले. १६६६ साली इंग्रजांनीही इथे वखार घातली.

तासाभरावर तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. त्याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचं दर्शन घ्या आणि तिथल्या पांढरीच्या टेकाडाकडेही बघा. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने ते खणलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी नक्षीदार खापरं निघाली. म्हणजे चूल मांडणाऱ्या बायका तेव्हाही इथे होत्याच की!

दिवाळीनंतर आलात तर मिरचीच्या पथाऱ्या चुकवू नका. नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते. डोळे निवतात, नाक मात्र झोंबतं! वर्षाच्या तिखटाला खुळखुळ वाजणारी, देठासकट मिरची घ्या. ओलसर मिरची वजनाला भरते आणि डब्यात बुरशी धरते.

पण पाहुणे आले की मी त्यांना आधी नेते ते हुतात्मा स्मारकापाशी. ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ला महिना झालेला. शाळकरी मुलांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली, पोलिसांनी ती अडवली आणि गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा असे पाच जण गेले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा. मुलींवर बंदूक रोखलेली पाहून तोच पुढे झाला, असं गावात सांगतात.

मी अर्धवेळ शिक्षिका. नववीला इतिहास शिकवते. ही हकिगत सांगताना समोरचे चेहरे त्याच वयाचे असतात, ओठांवर नुकती लव फुटलेले. त्यांना सांगते, “धीट व्हा.” घरी मात्र लेकाला बजावते, “रस्त्यात काही गडबड दिसली तर सरळ घरी ये.” दोन्ही अगदी मनापासून! परवा त्यानेच विचारलं, “आई, शिरीषला त्याच्या आईने असं सांगितलं नसेल का गं?”

सांगितलं असेलच. आईच ती! पण पोराला एवढा मोठा होताना पाहायला कुठल्या आईचं काळीज तयार असतं? स्मारकासमोर उभी राहिले की हाच प्रश्न मनात येतो, आणि हात आपसूक जोडले जातात.

तर या एकदा नंदुरबारला. आणि हो, मुलांनाही घेऊन या.