एक जून

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या कचेरीतील सेवापुस्तके चाळून पाहिली, तर खेडेगावांत जन्मलेल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली आढळते. दुष्काळाचे वर्ष, गावात आलेली साथ, नदीचा मोठा पूर अशा खुणांवरून ज्यांच्या आईला मुलाचे वय सांगता येई, त्या मुलांना शाळेत घालताना दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारखेचा रकाना मोकळा ठेवण्याची मुभा नव्हती. आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने, मुलाच्या अंगलटीवरून वयाचा अदमास बांधून, गुरुजींनी त्या महिन्याची पहिली तारीख लिहून वेळ निभावून नेली. माझ्या वडिलांची जन्मतारीख हीच होती. प्रत्यक्षात ते पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मले होते, हे आजी शपथेवर सांगत असे. तरीही ज्या दिवशी ते जन्मलेच नव्हते त्या दिवसाच्या हिशेबाने, आणि नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे ३१ मे रोजी, त्यांना सेवानिवृत्त व्हावे लागले.

गेली वीस वर्षे मी संकेतस्थळांवरील अर्जांचे नमुने रचण्याचे आणि त्यांभोवतीचा मजकूर लिहिण्याचे काम करीत आलो आहे, आणि या व्यवसायात जे काही शिकलो त्याचे मूळ वडिलांच्या त्या तारखेत आहे. ज्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही आणि ज्याचा रकाना कोराही सोडता येत नाही, तो प्रश्न सत्यवचनी माणसाला असत्य लिहावयास लावतो. आणि एकदा लिहिलेले ते असत्य दप्तरात शिरले की पुढची प्रत्येक कचेरी त्यालाच पुरावा मानते. आधारच्या नोंदणीत, तारखेचा दाखला नसणाऱ्यांसाठी वय अदमासे नोंदविण्याची सोय ठेवण्यात आली आणि सुरुवातीच्या अनेक पत्रांवर केवळ जन्मवर्ष छापले गेले, याचे मला म्हणूनच फार मोल वाटते. वर्ष ठाऊक आहे, दिवस ठाऊक नाही, असे म्हणण्याची जागा त्या नमुन्याने माणसाला दिली.

असे असूनही तोच अपराध माझ्या हातून घडला. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात मी वडिलांच्या नावाच्या रकान्यावर तारा लावला होता, म्हणजे तो भरल्यावाचून अर्ज पुढे सरकत नसे. अर्ज दाखल झाल्यावर नोंदी तपासू लागलो, तेव्हा त्या रकान्यात कोठे नुसते टिंब, कोठे आडवी रेघ, तर एके ठिकाणी ‘नाही’ एवढाच शब्द दिसला. आईनेच वाढविलेली ती मुले होती. ज्या मुलीने ते टिंब टंकित केले, तिने त्यापूर्वी त्या पडद्याकडे किती वेळ पाहिले असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय दस्तऐवजांत, आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. नमुना रचणाऱ्यांनी तो केवळ आणखी एक रकाना म्हणून घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

आपल्या लिपीची हेळसांड हा याच दुखण्याचा दुसरा भाग. ‘लक्ष्मीनारायण’ हे नाव वाचणाऱ्याला सहा अक्षरांचे. परंतु संगणक काना, वेलांटी आणि हलन्त यांची स्वतंत्र गणना करीत असल्याने त्याच्या लेखी ते तेरा चिन्हांचे होते, आणि इंग्रजी नावांच्या मापाने बांधलेला रकाना ते मध्येच तोडून टाकतो. भ्रमणध्वनीचा क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला की ‘अवैध नोंद’ असा शेरा उमटतो. वास्तविक त्या अंकांचे रूपांतर यंत्राने स्वतःच करावे, हे काम क्षणाचे आहे. बँकेच्या शाखेच्या आयएफएससी संकेतातील पाचवे स्थान नेहमी शून्याचेच असते, तेथे कोणी इंग्रजी ‘ओ’ लिहिला तर तो यंत्राने निमूटपणे सुधारावा, माणसाला दोष लावू नये.

या कामाचा आदर्श मला पुस्तकांत सापडला नाही, तहसील कचेरीच्या आवारात सापडला. तेथे कडुनिंबाखाली लाकडी पेटी मांडून बसणारा अर्जनवीस ‘भोगवटादाराचे नाव’ असे कधी विचारीत नसे. ‘जमीन कुणाच्या नावावर आहे, दादा?’ असे विचारी, आणि नमुन्यातील भारदस्त शब्द स्वतः लिहून घेई. आलेल्याला आधी झाले ते सगळे सांगू देई, नाव-गाव मागाहून. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘सातबारा आणला आहे का? नसेल तर आधी तो काढून या,’ हे तो पहिल्या वाक्यात सांगे, अर्ध्या अर्जावर नव्हे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा किती दिवसांत मिळेल, शुल्क किती आणि जबाबदार अधिकारी कोण, हे लोकांपुढे उघड मांडण्याचे बंधन कार्यालयांवर घातले आहे. परंतु संकेतस्थळांवर हा मजकूर पुष्कळदा अशा भाषेत असतो की तो समजावून घेण्यासाठी माणसाला पुन्हा कोणा जाणत्याकडेच जावे लागते. जो अर्ज भरून घेण्यासाठी गरिबाला दुसऱ्याला पैसे द्यावे लागतात, तो अर्ज, माझ्या मते, अपुरा आहे. मग तो पडद्यावर कितीही सुबक दिसो.

आता कोणताही नवा नमुना हाती घेतला की मी प्रत्येक रकान्यापुढे एक प्रश्न लिहितो: हे ज्याला ठाऊक नाही, त्याने काय लिहावे? उत्तर मिळाले नाही तर तो रकाना काढतो, किंवा ‘माहीत नाही’ ही जागा त्यात ठेवतो. यावरून संबंधितांशी वाद होतात, आणि ते सगळे मी जिंकतो असे नाही. वाचकांना एवढीच विनंती आहे की, यापुढे एखादा अर्ज भरताना ज्या रकान्यापाशी तुमचा हात अडखळेल, त्यात कसेबसे काही लिहून मोकळे होऊ नका. तो रकाना कोणता आणि तेथे खरे काय लिहावयाचे होते, हे दोन ओळींत त्या कार्यालयाला कळवा.