कॅमेऱ्याची खरेदी

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवा छंद लावून घेऊं नये, असें आमच्या कॉलेजांतील एक सहकारी नेहमीं म्हणत असतात. त्यांचें म्हणणें मला पटतें; आणि तरीही गेल्या दिवाळीच्या सुटींत मी एक लहानसा कॅमेरा विकत घेण्याच्या मागें लागलों. छंद म्हणून नव्हे. चार वर्षांपूर्वीं वडील वारले, तेव्हां वर्तमानपत्रांत देण्यासाठीं त्यांचें छायाचित्र हवें होतें. घरभर शोधल्यावर असें आढळून आलें कीं, त्यांचें एकट्याचें असें एकही चित्र नाहीं. शेवटीं कुणाच्या तरी लग्नांतील समूहचित्रांतून त्यांचा चेहरा कापून काढावा लागला. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात तसाच राहिला.

कारण उघड होतें. आमच्या घरचा आग्फा क्लिक थ्री सदैव त्यांच्याच हातीं असे. एका रोलांत बारा चित्रें; त्या बारांचाही ते जमाखर्च ठेवीत. आम्हां भावंडांना उन्हाकडे तोंड करून उभें राहावें लागे. चित्र काढणारा स्वतः चित्रांत नसतो, ही साधी गोष्ट आम्हां कुणाच्याच ध्यानांत आली नाहीं.

आई आतां ब्याऐंशी वर्षांची आहे. पुन्हां तीच चूक होऊं द्यायची नाहीं, असें मीं ठरविलें. "बाबा, तुमच्या खिशांतला फोन काय वाईट आहे?" असें मुलानें विचारलें. त्याचें चूक नव्हतें. आजचा चांगला फोन अंधुक उजेडांत पुष्कळशा छोट्या कॅमेऱ्यांवर मात करतो. पण मीं फोन पुढें धरला कीं आईला वाटतें, परगांवच्या नातवंडांपैकीं कुणी तरी बोलत आहे, ती पदर सावरते आणि फोनाकडे पाहून मोठ्यानें विचारते, "जेवलास का?" मला हवी होती ती दुपारीं स्वयंपाकघरांत एकटीच तांदूळ निवडीत बसणारी आई.

झालें, अभ्यास सुरू झाला. प्राध्यापकाला साधी वस्तु घ्यायची झाली तरी आधीं तिच्यावर प्रबंध लिहावा लागतो! प्रथम मी मेगापिक्सेलच्या मायेंत सांपडलों. सोळा घ्यावे कीं वीस? मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. सहा इंच लांब व चार इंच रुंद चित्र छापायचें तर, इंचाला ३०० ठिपके धरूनही, १८०० गुणिले १२०० म्हणजे सुमारें २२ लाख ठिपके पुरतात. मेगापिक्सेलच्या भाषेंत सव्वादोन देखील नाहींत. उलट, स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर बहुधा सहा मिलिमीटरांहून किंचित् लांब, म्हणजे आईच्या सुपांतील तांदळाच्या दाण्याएवढा असतो. एवढ्याशा जागेवर मुळांत प्रकाशच थोडा पडतो; तो दोन कोटी वांटेकऱ्यांत वांटला कीं अंधुक जागचें चित्र खरखरीत होतें. २००८ सालीं कॅननच्या जी-१० या कॅमेऱ्यांत १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षीं जी-११ मध्यें ते उतरवून १० केले, आणि तें अंधुक प्रकाशांतील चित्र सुधारावें म्हणून. संख्या कमी करून वस्तु चांगली करण्याचें हें धैर्य मला आवडलें.

दुसरा मोह झूमचा. बारा पट, चाळीस पट! पण आई कांहीं चंद्रावर बसत नाहीं. दोन पावलें पुढें गेलें कीं काम भागतें. खरा प्रश्न भिंगाचें तोंड किती उघडतें हा होता. एफ ३.५ च्या मानानें एफ २ चें भिंग तिप्पट प्रकाश आंत घेतें. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून आईला फ्लॅशचा लखलखाट सोसत नाहीं.

मोठ्या सेन्सरचे नवे कॅमेरे माझ्या बेतांत बसेनात. स्वस्त कॅमेऱ्यांचा धंदा तर फोननें जवळजवळ बुडविलेला. तेव्हां जुनाच घ्यावा असें ठरवून मी मुंबईस फोर्टमधील बोराबाजारांत गेलों, आणि २०१० सालचा कॅनन एस-९५ पाहिला: दहा मेगापिक्सेल, एफ २ चें भिंग, सेन्सर नेहमींच्या स्वस्त कॅमेऱ्याच्या दीडपट. दुकानदार म्हणाला, "साहेब, हल्लीं कॉलेजचीं मुलें हेच मागतात." भिंग न अडखळतां आंतबाहेर होतें ना, बॅटरी फुगलेली नाहीं ना, हें पाहिलें, पांढऱ्या भिंतीचें चित्र काढून डाग शोधला, चार्जर मागून घेतला. वाचकांना हंसूं येईल, पण मुलासाठीं स्थळ पाहायला गेलों असतों तरी इतकी चौकशी केली नसती.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं स्वयंपाकघराच्या दारांत उभा राहून मीं पांच-सहा चित्रें काढलीं. आईनें मान वर केली.

"काय रे तें? फोन नव्हे ना?"

"नाहीं, कॅमेरा आहे."

तिनें सूप खालीं ठेवलें, हात पदराला पुसले आणि पुढें केले. "आण इकडे. बटण कुठलें?"

मीं दाखविलें.

"ह्यांनीं कधीं हात लावूं दिला नाहीं," ती म्हणाली. "फिल्म फुकट जाईल म्हणत. एकदां तरी ह्यांचा फोटो काढीन, असें माझ्या मनांत फार होतें."

या कॅमेऱ्याला डोळा लावण्याची खिडकी नाहीं. मागच्या पडद्यावर पाहावें लागतें. पण वडील धरीत तसाच तिनें तो डोळ्याशीं नेला. मी सांगणार होतों, सांगितलें नाहीं. तिनें बटण दाबलें.

त्या चित्रांत दाराची चौकट तिरपी आहे आणि माझा अर्धा चेहरा बाहेर गेला आहे. महिनाभराच्या माझ्या अभ्यासांत सारे रकाने होते; कॅमेरा कुणाच्या हातांत राहणार, एवढा एकच नव्हता. तें चित्र मीं सहा इंच बाय चार इंच छापून घेतलें. आईनें तें देवघराच्या कोनाड्यांत, वडिलांच्या त्या कापलेल्या चित्राशेजारीं ठेवलें आहे.

कॅमेरा आतां फळीवर तांदळाच्या डब्याजवळ असतो. बॅटरी भरून ठेवण्याचें काम तेवढें माझ्याकडे आहे.