बदल केला गेला

मी नॉयर बघायला लागलो ते झोप येत नव्हती म्हणून.

नोकरी बीकेसीत, राहायला वांद्रे पश्चिमेला, चिंबईत एका जुन्या घराच्या वरच्या खोलीत. रूममेट घोरायला लागला की मी इअरफोन घालून मोबाइलवर जुने सिनेमे लावायचो. पहिला 'सी.आय.डी.', तोही आईमुळे. जॉनी वॉकरवर चित्रित झालेलं त्यातलं मुंबईचं गाणं तिला फार आवडतं. गाणं ऐकून झोपायचं ठरवलं होतं, पण शेवटपर्यंत बघत बसलो.

'सी.आय.डी.' 1956 चा. दिग्दर्शक राज खोसला, निर्माता गुरू दत्त, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. वर्तमानपत्राच्या संपादकाचा खून होतो, देव आनंद तपास करतो आणि मध्येच तोच आरोपी होऊन पळायला लागतो. वहिदा रेहमानचा हा पहिला हिंदी सिनेमा, आणि यात ती चक्क खलनायकाच्या गोटातली. मग मागे जाऊन 'बाजी' बघितला, 1951 चा, गुरू दत्तने दिग्दर्शित केलेला पहिला. पत्त्यांत हात चालणारा देव आनंद, आजारी बहीण, आणि चेहरा अंधारात ठेवणारा मालक. अमेरिकन नॉयरमधला माणूस बाईपायी किंवा पैशाच्या हव्यासापायी घसरतो, आपला औषधाच्या खर्चापायी. मला हे फारच ओळखीचं वाटलं.

गुरू दत्त पाली हिलला राहायचा. मेहबूब स्टुडिओ माझ्या खोलीपासून चालत जाण्याजोगा. रात्री उशिरा हिल रोडवरून परतताना मी उगाच सावल्या शोधायचो. पण आता रस्त्यावर पांढरे एलईडी आहेत, सगळं सपाट दिसतं. 'कागज़ के फूल'साठी मूर्तींनी आरशांनी ऊन वळवून प्रकाशाचा तो झोत आणला होता. एलईडीखाली नॉयर होत नाही, असं माझं ठाम मत आहे. रूममेटच्या मते मला झोपेची गरज आहे.

मात्र या दोन्ही सिनेमांत मला एक गोष्ट खटकत राहिली. देव आनंदवर खुनाचा आळ येतो, पण खून त्याने केलेला नसतो. आपल्याला ते माहीत असतं, तो सुटणार हेही माहीत असतं. मला तसा माणूस नको होता. मला खरोखर केलेला माणूस हवा होता.

कारण सांगतो. त्याच्या तीनेक महिने आधी एका शुक्रवारी रात्री मी प्रॉडक्शनवर एक बदल टाकला. आधी टेस्टवर चालवून बघायचा असतो. मी नाही बघितला, शेवटची लोकल पकडून कल्याणला घरी जायचं होतं. दोन तास लोकांचे पैसे अडकले. ऑन-कॉलला आमच्या टीममधला कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा होता, अंबरनाथचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला दादा म्हणणारा. सोमवारी रिपोर्ट मी लिहिला. त्यात कर्ता नव्हता. 'बदल केला गेला.' 'ऑन-कॉलकडून वेळेत प्रतिसाद मिळाला नाही.' दोन्ही वाक्यं खरी. तो अंबरनाथहून लॉगिन करेपर्यंत वीस मिनिटं गेली होती. महिन्याअखेरीस त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. मला कोणी काही विचारलं नाही.

नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. युद्धात अडकलेले अमेरिकन सिनेमे 1946 मध्ये पॅरिसला एकदमच पोचले आणि तिथल्या समीक्षकांनी हे नाव दिलं. करणाऱ्यांना आपण नॉयर करतोय हे ठाऊकही नव्हतं. त्यांतलाच एक बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी', 1944 चा. विमा विकणारा एक माणूस जखमी अवस्थेत रात्री आपल्याच ऑफिसात येतो, डिक्टाफोन सुरू करतो आणि मी मारलं म्हणून सांगायला लागतो. पुढचा सिनेमा म्हणजे त्याचा जबाब. प्रत्येक वाक्यात मी, मी, मी. तो हे सांगतोय कोणाला? त्याच कंपनीत खोटे क्लेम पकडणाऱ्या सहकाऱ्याला, ज्याला खुनी सापडत नव्हता, कारण खुनी त्याच्या समोरच बसत होता. हे ऐकताना मी मोबाइल पालथा ठेवला.

पुढे श्रीराम राघवनचे सगळे बघून काढले. 'जॉनी गद्दार' (2007) माझा सगळ्यात आवडता. पाच भागीदार, अडीच कोटी, आणि गद्दार कोण हे प्रेक्षकाला आधीच माहीत. नील नितीन मुकेशचा तो गोंडस चेहरा हाच सिनेमाचा खरा डाव, कोणाला संशयच येत नाही. पहिला खून अपघातासारखा होतो, पुढचे झाकाझाकीतून. एक बग झाकायला दुसरा पॅच, तो झाकायला तिसरा. सिनेमा विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलाय, आणि खुनाची युक्ती गद्दाराला सुचते ती टीव्हीवर अमिताभचा 'परवाना' बघून. 'अंधाधुन' (2018) पुण्यातला, सगळ्यांनी बघितलाय, त्यावर नव्याने काय बोलणार? 'मेरी ख्रिसमस' (2024) मात्र लोकांनी उगाच दुर्लक्षिला. मुंबईला बॉम्बे म्हणायचे तेव्हाची एक नाताळची रात्र. सुरुवातीला पडद्यावर शेजारी शेजारी दोन मिक्सर फिरतात; एकात चटणीपूड, दुसऱ्यात गोळ्या. शेवटी कोणाच्या गुन्ह्याचं ओझं कोण उचलतं ते सांगत नाही. तो शेवट मी तीनदा बघितला.

तिसऱ्यांदा बघितला त्या रात्री खाली उतरून कार्टर रोडपर्यंत चालत गेलो आणि त्याला व्हॉइस नोट केली. टाइप केलं असतं तर पुन्हा कर्ता गाळला असता. बदल मी केला, टेस्ट मी केली नाही, रिपोर्ट मी लिहिला. चार मिनिटं बोललो. मागे समुद्राचा आवाज होता, मध्येच एक कुत्रं भुंकलं, पुन्हा रेकॉर्ड केली नाही. रिपोर्ट दुरुस्त करून मॅनेजरला पाठवतो असंही म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी पाठवला. मॅनेजरचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्याचं आलं, दोन दिवसांनी. तो आता ठाण्याला कुठेतरी लागलाय.

'माहीत होतं, दादा. लॉग मलाही वाचता येतात.'

मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग त्याचाच आणखी एक मेसेज आला. जेवलास का, म्हणून.