कॅसेटमधले अब्बा

आखातातली नोकरी म्हणजे एके काळी घरच्यांसाठी पत्रे आणि कॅसेट. फोन परवडत नसे. सुट्टीवर येणाऱ्या एखाद्या गाववाल्याच्या हाती साठ मिनिटांची कॅसेट पाठवली जाई. एका बाजूला अम्मींसाठी, दुसऱ्या बाजूला आम्हा मुलांसाठी. मरहूम अब्बांच्या अशा 11 कॅसेट अम्मींनी जपल्या होत्या. त्या आम्ही भावंडांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, पण हेडफोन लावला की आवाजापेक्षा चिरचिरच जास्त. अम्मींना आधीच कमी ऐकू येते.

दोष कॅसेटचा की यंत्राचा, हे आधी ठरवायला हवे होते. काहीही न लावता हेडफोन कानाला धरला, तरी चिरचिर चालूच, आणि माऊस हलवला की तिचा सूर बदले. म्हणजे अब्बांच्या कॅसेटचा त्यात काही संबंध नव्हता. तोच हेडफोन मोबाईलला लावला तर स्वच्छ. मग पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या हिरव्या भोकात घातली. पुढच्या भोकाची वायर आतल्या सगळ्या गजबजाटातून फिरून येते. चिरचिर निम्म्याने कमी झाली.

उरलेली घालवायला बाहेरचा कन्व्हर्टर आणला. कॉम्प्युटरमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो, सीडीच्या दर्जाचा असेल तर सेकंदाला 44,100 आकडे, दोन्ही कानांचे वेगवेगळे. त्या आकड्यांची पुन्हा वीजलहर करणारा हा भाग, त्याला डॅक म्हणतात. तो मदरबोर्डवर इतर गोंगाटात बसलेला असतो. यूएसबीला लावायचा डॅक त्यापासून दूर राहतो, एवढेच. दुकानदार मोठा, महागडा डबा दाखवत होता. बोलण्याचे रेकॉर्डिंग आणि साधा हेडफोन, एवढ्यासाठी बोटभर लांबीचा पुरला.

स्पीकरची घूंघूं वेगळ्या जातीची निघाली. कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या. दोन्हींच्या अर्थिंगमधून 50 हर्ट्‌झची गुणगुण येत होती. दोन्ही एकाच बोर्डवर आणले, थांबली. काही जण अशा वेळी अर्थिंगची तिसरी पिनच काढून टाकतात. कृपा करून तसे करू नका, तो जिवाशी खेळ आहे.

अम्मींचा डावा कान बरा आहे, आणि काही कॅसेटचा आवाज नेमका उजव्या बाजूलाच उतरला होता. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू केल्यावर तो दोन्हीकडे आला. आवाज मोठा करावा लागला नाही. आठवड्याला 80 डेसिबल 40 तास, याहून जास्त नको असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेला कान सांभाळायला नको का?

चौथ्या कॅसेटमध्ये अब्बांच्या मागे भांडी घासल्याचा आवाज आला. आम्हाला तो आजवर ऐकूच आला नव्हता. अम्मी हसल्या. “मला लिहायचे, स्वयंपाकाला माणूस ठेवलाय म्हणून!”

कॅसेटची मूळ सळसळ राहिलीच आहे. ती डॅकने जात नाही. सॉफ्टवेअरने काढून पाहिली, तर अब्बांचे ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले. ती तशीच ठेवली. दोन कॅसेटची फीत चिकटली आहे, त्यांना अजून हात लावलेला नाही.